लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल म्युझिक (डान्सिंग बेबी खटला)

संगीताचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्या आणि आंतरजालावर व्हिडिओ टाकणारे लोक यांच्यातील कॉपीराइट-वादांत वारंवार आधारासाठी घेतला जाणारा अमेरिकी खटला. व्हिडिओ हटवण्याची नोटीस पाठवण्यापूर्वी तो वापर ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीविना करता येणाऱ्या रास्त वापरात मोडतो का, याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे, असा निर्णय या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१५ रोजी दिला.

घटना : ७ फेब्रुवारी २००७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेफनी लेन्झ यांनी स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या लहानग्याचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. त्यात गायक प्रिन्स याचे ‘लेट्स गो क्रेझी’ (१९८४) हे गाणे सुमारे २० सेकंद ऐकू येते, तेही अस्पष्ट. प्रिन्सच्या गीतरचनांचे हक्क सांभाळणाऱ्या युनिव्हर्सलने ४ जून रोजी यूट्यूबला नोटीस पाठवली. सोबतच्या यादीत दोनशेहून अधिक व्हिडिओ होते व त्यांत हाही होता. यादी करणारा कर्मचारी गाणे ओळखू येते का आणि व्हिडिओचा भर गाण्यावर आहे का, हे पाहत असे. रास्त वापर तपासण्याची सूचना कंपनीच्या कार्यपद्धतीत नव्हती. यूट्यूबने व्हिडिओ हटवला. लेन्झ यांनी दोनदा प्रतिनोटीस दिल्यावर जुलैच्या मध्यास तो पुन्हा दिसू लागला. २४ जुलै रोजी त्यांनी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा लावला.

कायदेशीर चौकट : १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१२नुसार, नोटीस मिळताच मजकूर तत्परतेने हटवणाऱ्या संकेतस्थळाला वापरकर्त्याच्या उल्लंघनाबद्दल भरपाई द्यावी लागत नाही. त्यामुळे वादाचा तपास करत बसण्यापेक्षा आधी हटवणे हेच संकेतस्थळाच्या सोयीचे ठरते. वापरकर्त्याने प्रतिनोटीस दिली आणि हक्कधारक न्यायालयात गेला नाही, तर मजकूर १० ते १४ कामकाजी दिवसांत परत आणायचा असतो. नोटीस देणाऱ्याला दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : आपण हक्कधारकाच्या वतीने बोलत आहोत, आणि हा वापर हक्कधारकाने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा कायद्याने मान्य केलेला नाही अशी आपली प्रामाणिक समजूत आहे. खोट्या शपथेबद्दल शिक्षेची धास्ती यांपैकी पहिल्याच विधानाला आहे. मात्र उल्लंघन झाल्याचे जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याकडून उपकलम (एफ) अन्वये भरपाई मागता येते. लेन्झ यांचा दावा याच उपकलमावर उभा होता.

निर्णय : रास्त वापर हा खटला उभा राहिल्यावर करायचा बचाव आहे, तो आधीच कायद्याने मान्य केलेला वापर नव्हे, अशी युनिव्हर्सलची बाजू होती. न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी ती २० ऑगस्ट २००८ रोजी अमान्य केली. अपील न्यायालयानेही तेच मत कायम केले. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि बाजारावरील परिणाम या चार कसोट्या नोटिशीआधी लक्षात घेणे त्यामुळे बंधनकारक ठरले. प्रत्यक्ष आर्थिक नुकसान दाखवता आले नाही, तरी नाममात्र भरपाई मागता येईल, असेही न्यायालयाने म्हटले. हा व्हिडिओ रास्त वापरात बसतो की नाही, यावर मात्र अखेरपर्यंत निकाल झाला नाही.

मर्यादा : विचार करणे बंधनकारक ठरले, पण तो किती खोल असावा याचे माप सैल राहिले. ‘रॉसी’ खटल्यातील (२००४) निवाड्याला धरून न्यायालयाने नोटीस देणाऱ्याची स्वतःची समजूत प्रामाणिक होती का, एवढेच पाहायचे ठरवले. ती समजूत वाजवी असण्याची अट घातली नाही. चुकीचा पण प्रामाणिक निष्कर्ष काढणारा हक्कधारक त्यामुळे सुटतो. संगणकीय छाननी हा चांगला मध्यममार्ग ठरू शकेल, अशा आशयाचा निकालपत्रातील मजकूर मार्च २०१६च्या सुधारित निकालातून वगळण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०१७ रोजी प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि २०१८मध्ये तडजोडीने खटला संपला.

भारतातील स्थिती : भारतीय कॉपीराइट कायद्यात अमेरिकेसारखी चार कसोट्यांची खुली तरतूद नाही, कलम ५२मध्ये अपवादांची यादी आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ५२(१)(सी) व २०१३च्या नियमांनुसार तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे न्यायालयाची पायरी चढण्याचा भार येथेही हक्कधारकावरच आहे, पण त्यासाठी व्हिडिओकर्त्याच्या प्रतिनोटिशीची वाट पाहावी लागत नाही.

परिणाम : या निर्णयाने कलम ५१२च्या नोटिशींवर बंधन आले. यूट्यूबची २००७पासूनची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा मात्र संदर्भफितींशी ध्वनी जुळवून आपोआप दावा नोंदवते आणि अनेकदा व्हिडिओ न हटवता त्याचे जाहिरात-उत्पन्न हक्कधारकाकडे वळवते. असा दावा कायद्यातील नोटीस नसून यूट्यूब व हक्कधारक यांच्यातील खाजगी व्यवस्थेचा भाग असतो. त्यामुळे लेन्झ यांनी मिळवलेले संरक्षण त्याला थेट लागू होत नाही.