वाचल्यानंतरचे जगणे

रोगी वाचला की वैद्याचे काम संपले, असे आपण मानतो. वाचलेल्या माणसापुढे मात्र तेव्हाच दुसरा प्रश्न उभा राहतो : आता जगायचे कसे? हाडांच्या पोकळीत रक्त घडवणाऱ्या मज्जेच्या रोपणाचा इतिहास या प्रश्नापाशी हळूहळूच आला.

१५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियात, बेलग्रेडजवळील विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला. घातक किरणांनी सहा जणांची मज्जा करपली. त्यांना विमानाने पॅरिसला नेले. तेथे डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. दाते आणि रोगी यांच्यात ना नाते, ना ओळख, ना भाषा एक! पाचांपैकी एक दगावला, चौघे वाचले. परकी मज्जा कायमची रुजली नाही. कालांतराने त्यांची स्वतःचीच मज्जा जागी झाली. त्यांच्यातील एका स्त्रीने पुढे निरोगी अपत्याला जन्म दिला.

मज्जा कायमची रुजवण्याची विद्या अमेरिकेत डॉ. डोनॉल टॉमस यांनी चिकाटीने सिद्ध केली. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तर १९८३ सालीच असे रोपण झाले होते.

पण मज्जा रुजली तरी कहाणी सुफळ संपूर्ण होत नाही. पाहुणी म्हणून आलेली मज्जा कधी यजमानाच्याच देहावर उलटते. त्वचा ताठरते, डोळ्यांतील पाणी आटते, तोंड कोरडे पडते. थकवा महिनोन् महिने हटत नाही. लहानपणीच्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. पुष्कळांना अपत्याची आशा सोडावी लागते. विंचाच्या त्या मातेचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही.

हे सारे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ते रोग्यालाच विचारावे लागते. अशा रोग्यांसाठी खास प्रश्नावली अमेरिकेत प्रसिद्ध झाली ती १९९७ साली. झोप लागते का? कामावर जाता येते का? घरच्यांचा आधार वाटतो का? प्रश्न साधेच, पण ते विचारायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

वाचकहो, आपल्या घरी असे कोणी असेल, तर यंदा फराळाचा आग्रह जरा आवरावा, फटाक्यांचा धूर दूर ठेवावा. ‘आता बरा झालास ना!’ असे म्हणून मोकळे होण्याऐवजी जवळ बसून विचारावे, ‘आज कसे वाटते?’ आणि उत्तर पुरते ऐकावे.