संगणकांचीं जाळीं आणि बीड जिल्हा

जाळें हा शब्द मराठीला परका नाहीं. मासे धरणाऱ्या कोळ्याचें जाळें असतें आणि भिंतीवरच्या कोळ्याचेंहि असतें. कालव्यांचें, रस्त्यांचें, आगगाडीच्या मार्गांचेंहि जाळें विणलें जातें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांत आणखी एका जाळ्याची भर पडली. एका संगणकांतील माहिती तारेनें अथवा विद्युत्-लहरींनीं दुसऱ्या संगणकाकडे धाडतां येऊं लागली, आणि असे अनेक संगणक परस्परांशीं जोडले गेले म्हणजे त्या जोडणीस संगणकांचें जाळें म्हणण्याचा प्रघात पडला. या जाळ्यांची वर्गवारी अनेक प्रकारें करतां येते. परंतु सर्वांत सोपी, आणि म्हणूनच क्रमिक पुस्तकांतून रुळलेली वर्गवारी, त्यांनीं व्यापलेल्या भूमीवरून करतात.

माणसाच्या हाताशीं असलेलीं दोन-चार यंत्रें जोडलीं, उदाहरणार्थ खिशांतील फोन आणि कानांतील ध्वनियंत्र, तर तें वैयक्तिक जाळें. त्यास पॅन म्हणतात. एका खोलींतील वा इमारतींतील संगणकांचें तें स्थानिक जाळें, म्हणजे लॅन. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या विस्तीर्ण आवारांतील इमारती एकमेकींस जोडल्या कीं तें आवाराचें जाळें झालें. शहरभर पसरलेलें तें मॅन. आणि जिल्हे, प्रांत व देश ओलांडणारें तें विस्तृत जाळें, म्हणजे वॅन. अशा असंख्य जाळ्यांचें जें जगभरचें जाळें, त्यास इंटरनेट हें नांव आहे. हा भेद नुसता मापाचा नाहीं. आपल्या भिंतींच्या आंत तार ओढण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. पण कुंपण ओलांडलें कीं रस्ता सरकारचा, शेत दुसऱ्याचें आणि तार तिसऱ्याच कंपनीची असते. तेथें भाडें आलें, करार आले, वेग मंदावला आणि चुकांचा संभव वाढला.

पुस्तकांतील हा क्रम वाचतांना असें वाटतें कीं, जाळें वडाच्या रोपासारखें वाढलें असावें. आधीं खोली, मग गांव, मग देश. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतील संगणकावरून सुमारें पांचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकास पहिला संदेश धाडण्यांत आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्याचीं पहिलीं दोनच अक्षरें पोहोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें! आर्पानेट या नांवानें प्रसिद्ध असलेल्या जाळ्याचा हा जन्म, आणि तें पहिल्या दिवसापासून विस्तृत जाळें होतें. खोल्यांतील संगणक जोडणारी ईथरनेट ही पद्धति रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ सालीं सुचली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनीं ती झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत उभी केली. तीत सर्व यंत्रें एकाच तारेवर बोलतात. दोघे एकदम बोलूं लागले तर दोघेहि थांबतात, आणि प्रत्येकजण थोडा कमीअधिक वेळ वाट पाहून पुन्हां बोलतो. गांवच्या चावडीवर ही रीत पाळली गेली असती तर कित्येक तंटे टळले असते.

दूरचें जाळें आधीं आणि जवळचें मागून, असें कां झालें? १९६९ सालीं संगणक इतके महाग आणि इतके थोडे होते कीं शेजारीं दुसरा संगणक असण्याचा संभवच कमी. जो होता तो दुसऱ्या शहरांत होता. एकाच इमारतींत पुष्कळ संगणक आल्यावरच त्यांना जोडण्याची गरज भासली.

हाच उलटा क्रम बीड जिल्ह्यानें गिरविला, आणि तो गिरवितांना जी किंमत मोजली ती अमेरिकेंतील विद्यापीठांना मोजावी लागली नव्हती. बालाघाटच्या डोंगररांगांनीं छेदलेला हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. परळीस निजामाच्या काळींच आगगाडी आली, परंतु जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास ती पाहण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं बीड व अहिल्यानगर या शहरांच्या दरम्यान गाडी सुरू झाली. त्यापूर्वीं तीसाहून अधिक वर्षें बीडचा दिल्लीशीं संगणकाच्या द्वारें संबंध जडलेला होता.

तो संबंध निकनेट या जाळ्यानें जोडला. केंद्र सरकारनें १९७६ सालीं राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र स्थापन केलें. डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखालीं या केंद्रानें १९८७ च्या सुमारास प्रत्येक जिल्ह्याचें मुख्य ठिकाण उपग्रहाच्या द्वारें दिल्लीशीं जोडण्याचें काम हातीं घेतलें, आणि थोड्याच वर्षांत चारशेंहून अधिक जिल्हे त्यांत ओवले गेले. मुंबई आणि बीड यांना एकच माप लावणारी योजना त्या काळीं विरळा. टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें नांवनोंदणी करून बसावें लागे, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे.

या जाळ्याची रचना ताऱ्यासारखी होती. मध्यें दिल्लीचें केंद्र आणि भोंवतीं जिल्हे. बीडहून धाराशिवला एखादा मजकूर धाडावयाचा तर तो आधीं सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाई, तेथून दिल्लीच्या केंद्रांत उतरे, पुन्हां उपग्रहाकडे चढे आणि मग शेजारच्या जिल्ह्यांत पडे. दीड लाख किलोमीटरांच्या आसपास ही यात्रा झाली. प्रकाशाच्या वेगानें जाणाऱ्या लहरींना त्यास अर्धा सेकंद पुरे, म्हणून ती कोणास जाणवत नसे. परंतु ज्या कार्यालयांतून हा मजकूर आकाशांत जाई, तेथें लॅन नव्हतें. एकुलता एक संगणक असतांना तें कोणाशीं करणार? पलीकडच्या दालनांतील कागद शिपायाच्या हातानेंच येत, आणि तालुक्यांचे कागद एस. टी. च्या गाडीनें वा टपालानें.

हें जाळें कोणासाठीं होतें, याचें उत्तर त्याच्या आकारांतच दडलेलें आहे. आंकडे जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून दिल्लीकडे चढावेत, हा त्याचा हेतु. शासनास तें उपयुक्त होतें, यांत शंका नाहीं. पण आष्टी वा पाटोदे तालुक्यांतील शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याची वाट पाहणें त्यामुळें चुकलें नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सामान्य जनतेस खुलें झालें तेंहि प्रथम मोठ्या शहरांपुरतें. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला तो १ मे २०१८ पासून. दिल्लीपर्यंतचें अंतर तोडल्यावर शेताच्या बांधापर्यंतचें अंतर तोडण्यास तीस वर्षें गेलीं.

शहराच्या जाळ्याविषयीं, म्हणजे मॅनविषयीं, बीडपुरतें सांगण्यासारखें फारसें नाहीं. त्याचे नियम १९९० च्या सुमारास परदेशांत ठरले आणि ते तेथेंहि फार काळ टिकले नाहींत. आपल्याकडील मध्यम शहरांत तें काम दूरदर्शनच्या केबलवाल्यांनीं, कोणतेंहि इंग्रजी नांव न घेतां, पार पाडलें.

मोठें काम होतें तें तालुका आणि गांव यांच्या मधल्या पट्ट्यांत. २५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरनें जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. या योजनेचें गमक असें कीं, तालुक्यापर्यंतची तार बहुतेक ठिकाणीं आधींच होती. नव्यानें खणावयाचे होते ते तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचे थोडेसे कोस. आणि तेच सर्वांत अवघड ठरले. उपग्रहाला डोंगर आडवा येत नाहीं. चराला खडक आडवा येतो, आणि रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या दांत्याखालीं केसाएवढा कांचेचा तंतु सहज तुटतो.

परंतु बीड जिल्ह्यांत गांवापर्यंत तार पोहोंचली म्हणजे सर्व झालें, असें म्हणतां येत नाहीं. कारण वर्षांतील अर्धा काळ गांवांतील पुष्कळ माणसें गांवांत नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें एक ‘कोयता’ म्हणतात. हे कोयते कोल्हापूर, सांगली, सोलापुराकडे जातात, कित्येक कृष्णा ओलांडून कर्नाटकांत जातात, आणि वसंतांत परततात. या कुटुंबाचें रेशनकार्ड मात्र गांवच्या दुकानाच्या वहींत बांधलेलें असे. जेथें पोट होतें तेथें कार्ड चालत नसे, आणि जेथें कार्ड होतें तेथें खाणारीं माणसें नसत. फडावर दाणा विकत घ्यावा लागे. अशा माणसाचें जीवनच विस्तृत क्षेत्राचें. त्याला गांवापुरती नोंद काय कामाची?

९ ऑगस्ट २०१९ रोजीं महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान एका राज्याचें रेशनकार्ड दुसऱ्या राज्यांत चालण्यास प्रारंभ झाला, आणि १ जानेवारी २०२० पासून ज्या बारा राज्यांत ही सोय झाली त्यांत महाराष्ट्राबरोबर कर्नाटकहि होतें. आतां बेळगांवकडच्या दुकानांत केज वा धारूर तालुक्यांतील मजूर बोट टेकवितो, तेव्हां तेथील लहानसें यंत्र मोबाईलच्या लहरींनीं दूरच्या संगणकास विचारतें कीं, हा माणूस कोण आणि त्याचा हिस्सा किती उरला आहे. उत्तर आलें तर धान्य मिळतें. रेंज गेली तर यंत्र मुकें होतें, आणि फडावरची एक दिवसाची मजुरी बुडवून पुन्हां यावें लागतें. कुटुंबाचा सगळाच हिस्सा तेथें घ्यावा असेंहि नाहीं. नियमाप्रमाणें थोडें धान्य फडाजवळ उचलतां येतें, आणि उरलेलें त्याच महिन्यांत, त्याच कार्डावर, मागें गांवीं नातवंडें सांभाळीत राहिलेल्या म्हातारीस मिळूं शकतें. मात्र त्यासाठीं तिच्या गांवच्या दुकानांतील यंत्रालाहि रेंज असावी लागते.