टँकरवरच्या पाटीची कुळकथा

पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ‘३ वाय ई’ आणि त्याखाली ‘१२०३’ असं लिहिलेलं असतं. मागच्या गाडीतल्या माणसाला ते आरटीओचं काहीतरी वाटतं. अग्निशमन दलाच्या जवानाला मात्र त्यात हुकूमच मिळतो. तीन म्हणजे पाणी नको, फेस मारा. वाय म्हणजे भडका उडू शकतो, सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायची तयारी ठेवा. आणि १२०३ म्हणजे पेट्रोल.

या पाटीचे पूर्वज दोन. चार आकडी क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या घराण्यातला. तिथल्या तज्ज्ञ समितीच्या धोकादायक मालाविषयीच्या पहिल्या शिफारशी १९५६ मध्ये आल्या आणि पुढच्याच वर्षी जिनिव्हात युरोपचा रस्ते-वाहतुकीचा करार झाला. वरची अक्षरं लंडनच्या अग्निशमन दलाची, १९७०च्या दशकातली. १९७८ मध्ये स्पेनच्या लोस अल्फाकेसजवळ, पर्यटकांच्या तंबूतळाला लागून, जादा भरलेला प्रोपिलीनचा टँकर फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली. असा माल वस्तीजवळून नेण्याचा धोका त्या एका दुपारी साऱ्या युरोपला कळला. भारतात १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आपत्कालीन माहितीची पाटी सक्तीची केली.

इथवर शत्रू एकच होता, अपघात. मग १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत भाड्याच्या ट्रकमध्ये अमोनियम नायट्रेट भरून सरकारी इमारत उडवली गेली, १६८ जण ठार झाले. २००२ मध्ये ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावर गॅसचा टँकरच सिनेगॉगवर नेऊन फोडला. आता शंका निघाली, की मदतीला धावणाऱ्यासाठी लिहिलेली पाटी घातपात्यालाही वाट दाखवते का? ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत पाट्या काढाव्यात का, यावर सरकारी पातळीवर खल झाला. अग्निशमन दलांनी कडाडून विरोध केला आणि पाट्या राहिल्या.

तेच शहाणपणाचं झालं. घातपात करणाऱ्याला पाटी लागत नाही, टँकरचा आकारच पुरेसा बोलका असतो. पाटी पुसली तर आंधळा होतो तो पहिल्यांदा पोचणारा बंबवाला.

म्हणून बंदोबस्त पाटीवरून माणसाकडे आणि मुक्कामाकडे सरकला. युरोपच्या करारात २००५ पासून सुरक्षेचं स्वतंत्र प्रकरण आहे. वाहनावरच्या प्रत्येकाजवळ फोटोचं ओळखपत्र हवं, माल थांबतो ती जागा राखलेली आणि उजेडाची हवी, आणि अतिधोकादायक मालासाठी लेखी सुरक्षा आराखडा हवा. अमेरिकेत अशा मालाच्या चालकाची पार्श्वभूमी तपासूनच परवाना मिळतो. भारताने जुलै २०११ मध्ये ठरावीक प्रमाणाहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण स्फोटक ठरवलं आणि पुढच्या वर्षी त्याची स्वतंत्र नियमावली आणली.

कागदावर हे सगळं चोख आहे. पण ढाब्यावर चालक जेवायला उतरला, की भरलेल्या टँकरवर नजर कोणाची, याचं उत्तर पाटीत नाही. ते मालकाने, मुक्कामाच्या सोयीने आणि चालकाच्या पगाराने द्यायचं आहे.