आईची व्याख्या आणि शेळीचे दूध

सन १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधी या तरुणाने मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याचे वचन आईला दिले होते. घरमालकिणीच्या टेबलावर मीठमसाल्यावाचून उकडलेल्या भाज्या येत आणि पावाचा आणखी एक तुकडा मागण्याचा त्याला संकोच वाटे. रोज दहाबारा मैल पायपीट करावी, स्वस्त उपाहारगृहात पाव खाऊन पोट भरावे, आणि तरीही अतृप्तच परतावे, असा क्रम चालला असता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी भोजनगृह सापडले. दाराजवळ काचेआड विक्रीस ठेवलेल्या पुस्तकांत शाकाहाराची बाजू मांडणारे हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक होते. एक शिलिंग देऊन ते त्याने घेतले व मगच तो जेवायला बसला. विलायतेतील त्याचे ते पहिले मनसोक्त जेवण. जन्माने तो शाकाहारी होताच. विचाराने झाला तो त्या पुस्तकामुळे.

परंतु मांस म्हणजे काय? इंग्रज शाकाहाऱ्यांत याविषयी एकमत नव्हते. कोणी केवळ पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य मानी, कोणी मासळीही. अंडे मात्र अनेकांना चाले. गांधींनीही काही दिवस अंडी खाल्ली. मग त्यांच्या ध्यानी आले की, वचन आईला दिले आहे, तेव्हा शब्दाचा अर्थही आईच्या मनातलाच धरला पाहिजे. अंडी सुटली; पण शाकाहारी भोजनगृहातील पुडिंगांत व केकांतही अंडे असे, म्हणून कोणत्या पदार्थात काय घातले आहे हे विचारीत बसण्याचा अवघड प्रसंग नित्य येऊ लागला. आज हॉटेलात दुधातुपाची चौकशी करणाऱ्यास वाढप्याची ती नजर परिचित असेल.

पुढे प्रश्न दुधापर्यंत गेला. गाईम्हशींचा अखेरचा थेंब पिळून काढण्यासाठी त्यांचा जो छळ होई, त्याचे वर्णन कलकत्त्याहून आलेल्या पत्रकांत वाचून १९१२ साली ट्रान्सवालमधील टॉल्स्टॉय फार्मवर गांधींनी आणि त्यांचे स्नेही कॅलनबाख यांनी दूध सोडले. भुईमूग, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्हचे तेल हा त्यांचा आहार झाला.

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींना आमांशाने गाठले. हवापालटासाठी माथेरानला नेले, तेथील पाणी मानवले नाही. मुंबईला परतल्यावर डॉक्टर दलालांनी दुधावाचून शरीर भरून येणार नाही असे बजावले. रुग्णाने प्रतिज्ञा सांगितली. प्रतिज्ञा गाईम्हशींच्या दुधाची आहे, मग शेळीच्या दुधाला हरकत काय, असे उशाशी असलेल्या कस्तुरबांनी विचारले. डॉक्टरांनी तेच उचलून धरले आणि गांधींनी मान्य केले.

कायद्याच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड होता. तथापि आईच्या वचनाचा अर्थ ज्याने आईच्या मनातून शोधला, त्याला ही पळवाट पचणे कठीणच. प्रतिज्ञा घेताना डोळ्यांपुढे गाईम्हशीच असल्या तरी तिचा आशय सर्वच दुधाला लागू होता, सत्याग्रहाच्या ओढीने जगण्याची इच्छा प्रबळ झाली व प्रतिज्ञेचे केवळ अक्षर उरले, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. दुधाइतका पोषक आणि पचनास हलका वनस्पतिजन्य पदार्थ कोणी अनुभवाने सुचवावा, अशी विनंतीही त्यांनी तेथेच केली.

२० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे ते बोलले, तेव्हा ऐंशी वर्षांचे सॉल्ट सभेस उपस्थित होते. १९४४ साली इंग्लंडात दूध आणि अंडी दोन्ही वर्ज्य करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ निघाला. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन व अखेरची दोन अक्षरे जोडून डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हे नाव घेतले. गांधींच्या आहारात शेळीचे दूध अखेरपर्यंत राहिले.