टाटाला नेलंय

मार्च 1971. गिरगावातल्या एका थिएटरबाहेर तुम्ही उभे आहात. लोकसभेचं मतदान नुकतंच उरकलंय, समोरच्या भिंतीवरचं ‘गरीबी हटाओ’ अजून कुणी पुसलेलं नाही. हाउसफुल्लचा बोर्ड लागलाय आणि ब्लॅकवाला कानाशी येऊन भाव पुटपुटतोय. गर्दी राजेश खन्नासाठी. पोस्टरवरच्या दुसऱ्या, उंच पोराचा ‘सात हिंदुस्तानी’ कधी आला न् कधी गेला, कुणाला पत्ता नाही. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. गप्प बसा.

आत फिल्म्स डिव्हिजनचा समाचार संपतो आणि ‘आनंद’ सुरू होतो. हृषिकेश मुखर्जी शेवट लपवतच नाहीत. डॉ. भास्कर बॅनर्जीच्या पुस्तकाला बक्षीस मिळतंय, पुस्तकाचं नाव ‘आनंद’, आणि तो आनंद गेलेला आहे. मग झोपडपट्टी. रोगावर औषध आहे, भुकेवर नाही, म्हणून भास्कर चिडचिडतो. बाहेरची भिंत आठवून स्टॉलमधून कुणीतरी कडवट हसतं.

पडद्यावर रमेश देव येतात तसे तुमच्या शेजारच्या काकू सावरून बसतात. डॉ. प्रकाश कुलकर्णी! बायको सीमाच, संसारात तीच आणि सिनेमातही तीच. पुढे मेट्रन म्हणून ललिता पवार आल्या की ‘अगंबाई, ललिताबाई!’

आणि मग तो प्रसंग येतो. दोघे डॉक्टर शब्द चाचपत बसलेत, आणि पेशंट स्वतःच रोगाचं नाव घेतो. लिम्फोसारकोमा ऑफ द इंटेस्टाइन. वर म्हणतो, काय नाव आहे, जणू एखाद्या व्हाइसरॉयचं! पोरं खो खो हसतात. काकूंचा हात मात्र आइसफ्रूटच्या काडीसकट हवेत थांबलाय.

“अहो, हा स्वतःच सांगतोय की!”

त्यांचं दचकणं समजून घ्या. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे, पण चाळीत ‘कॅन्सर’ कुणी म्हणत नाही. ‘टाटाला नेलंय’ एवढंच, तेही आवाज खाली आणून. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते आजाऱ्याला. त्याला ‘अल्सर आहे, पथ्य सांभाळा’.

खरं सांगायचं तर हे दुखणं सिनेमातलं दुखणं आहे. आनंदचा झब्बा शेवटपर्यंत कडक, गालही फारसे बसत नाहीत. परळच्या ओपीडीबाहेर असा रोगी दिसणार नाही. मुखर्जींनी आजारातून शरीरच काढून घेतलंय, आणि मला ते खटकतं. पण वेदना दाखवल्या असत्या तर काकूंनी पदर डोळ्यांवर घेतला असता, आणि ते नाव ऐकायचं राहून गेलं असतं.

टेपरेकॉर्डरची रिळं फिरतात, मेलेला माणूस बोलतो आणि अख्खं थिएटर हुंदके देतं. त्यावर वेगळं काय सांगू? तुम्हीही रडता.

बाहेर बसस्टॉपवर काकू नवऱ्याचा दंड धरतात.

“मला असलं काही झालं तर सांगाल ना हो?”

“काहीतरीच काय बोलतेस! सुटे पैसे काढ.”

“नाही, सांगाल का नाही? आणि डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं तरी?”

काका बसच्या पाटीवरचा नंबर वाचायला चार पावलं पुढे जातात. काकूही मागोमाग जातात.

“मी विचारतेय काहीतरी!”