पाचांचा पेला

जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौक फाट्याच्या आसपास, जांभळे येतात. पानांच्या द्रोणांत रचलेली, वर मिठाची पुडी, शेजारी उरलीसुरली करवंदे. विकणाऱ्या बाया बहुतेक ठाकर समाजातल्या, इर्शाळगड आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून पहाटे उतरलेल्या. घेणारे बहुतेक मोटारीतले. चौक, खालापूर, कर्जत या पट्ट्यात आता जिकडेतिकडे फार्महाउस आहेत आणि शनिवारची जांभळे तिकडेच जातात.

अशाच एका घरात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाचीने माझ्यापुढे जांभळ्या-गुलाबी रंगाचा पेला ठेवला. "मामा, ही व्हिस्की सावर. फक्त जांभळाची. मूळ अमेरिकन आहे, मी तिला कोकणी केलंय."

पेला चांगला जमला होता. खटकले ते 'मूळ अमेरिकन' हे शब्द. त्यांचा माग काढत गेलो तेव्हा वाट फिरून पुन्हा याच डोंगराखाली आली.

व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबू आणि साखर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या पिठ्यांमध्ये हा प्रकार रुळला, यात वाद नाही. पण जेरी टॉमस या अमेरिकन साकीने १८६२ साली मिश्र पेयांचे जे प्रसिद्ध पुस्तक काढले, त्याची सुरुवातच 'पंच'च्या डझनावारी कृतींनी होते. सावर हे त्या पंचचेच धाकटे भावंड. मोठ्या वाडग्यात दहा जणांसाठी होणारे पेय एका माणसाच्या पेल्यात आले आणि त्यातले पाणी बर्फाच्या रूपाने पडू लागले. बर्फाची कथाही गमतीची आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजांनी कलकत्त्याला आणि मुंबईला येत होता. त्याआधी दोनशे वर्षे आपल्याकडचे इंग्रज पंच पीत होते ते बर्फाशिवायच.

आणि पंच कुठला? डॉक्टर जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य १६७० च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता. १६७५ साली तो कल्याणवरून जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. या पेयाला 'पाँच' म्हणतात कारण ते पाच जिनसांचे असते आणि हिंदुस्थानीत पाचाला तोच शब्द आहे, असे तो लिहितो. काही इंग्रज कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, त्यांना त्यात पिंपाचे एक जुने इंग्रजी नाव दिसते. मला फ्रायर अधिक पटतो, कारण तो ते पेय जिथे पिकले तिथे बसून लिहीत होता. त्याच्या थोडा आधी फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने बंगालमधल्या पंचचे घटकच सांगितले आहेत: काळ्या साखरेपासून काढलेला अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि वरून थोडे किसलेले जायफळ.

काळ्या साखरेचा अर्क, हे लक्षात ठेवायला हवे. भाचीच्या बाटलीवर 'व्हिस्की' लिहिले होते. आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक व्हिस्क्यांत धान्याचा अंश थोडा आणि मळीपासून, म्हणजे उसाच्या साखर कारखान्यातल्या उरलेल्या रसायनापासून, काढलेला शुद्ध मद्यार्क जास्त असतो. युरोपीय संघात अशी बाटली व्हिस्की या नावाने विकता येत नाही. अभिमानी लोकांना हा अपमान वाटतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र मौजच आहे: उसाचा अर्क, लिंबू, साखर, पाणी. पंचच्या वाडग्यातले चार जिन्नस चौकच्या ओट्यावर हजर होते. जायफळ तेवढे नव्हते.

फळाची जोड देणे हीही कुणा परदेशी साकीची नवी कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन खंडांत काढली. त्या अध्यायात मद्याचे प्रकार मोजताना 'सहकारसुरा' येते, म्हणजे आंब्याची सुरा. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच अध्यायातली एक सवलत. मद्याचा धंदा राज्याच्या ताब्यात, भेसळीला आणि चोरट्या विक्रीला दंड, असा सगळा कडक कारभार सांगून झाल्यावर कौटिल्य म्हणतो की कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावे, आणि उत्सव-जत्रांना चार दिवस मद्याची मुभा द्यावी. करवसुलीत इतका काटेकोर माणूस, पण घरच्या कार्याची चूल त्याने मोकळी ठेवली होती.

चौकच्या परिसरातली ती चूल विझली एकोणिसाव्या शतकात. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकहून डोंगर चढून वर गेले आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आले. वर बंगले उठले, हॉटेले निघाली. खाली आणि उतारांवर ठाकर, कातकरी, धनगर राहत होतेच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती वेचायची, सुकवायची, काही खायची, काहींची दारू गाळायची, हा त्यांचा वर्षक्रम होता. लग्नाला, देवाच्या कार्याला, मर्तिकाला मोहाची दारू लागे. 'पहिल्या धारेची' हा शब्द आज आपण राजकारणातल्या भाषणांनासुद्धा लावतो, तो या भट्टीचा.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. दारू गाळण्याचा हक्क सरकारने आवळला, गाळप ठरावीक मोठ्या भट्ट्यांत आणले आणि त्यावर जबर जकात बसवली. ताडी-माडीच्या झाडांवर कर लागला, तो किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांना भोवला. डोंगरातल्या माणसाला मात्र नुसत्या जकातीने आवरता येईना. मोहाचे झाड रानात उभे, मडके घरात, लाकूड फुकट. तेव्हा सरकारने सरळ फुलावरच हात घातला. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आणले. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. टंचाईच्या महिन्यांत जे फूल पोटात जाई, ते घरात सापडणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला. दारूच्या व्यसनाची काळजी तेव्हाच्या कागदांत बोलून दाखवलेली असते. तिच्या शेजारीच महसुलाचे आकडे असतात आणि ते वाचताना काळजीचा सूर जरा पातळ होतो.

पांढरपेशा मराठी माणूस या काळात कुठे होता? तो दारूकडे सुधाकराच्या नजरेने पाहत होता. राम गणेश गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला आणि आपल्या मनातला पेला कायमचा भरून गेला. ती भीती खोटी नव्हती. दारूने बुडालेली घरे मी स्वतः पाहिली आहेत आणि ठाकरवाड्यांतही ती आहेत. पण त्या नाटकातले तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हा सुशिक्षितांचा अड्डा आहे, बाटली विकत आणणाऱ्यांचा. घरी गाळणारा माणूस आपल्या वाङ्मयात आला तो उशिरा, आणि आला तोही गुन्हेगार म्हणूनच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः उचलून धरला, पण औषधे आणि प्रसाधने यांतल्या मद्यार्काबाबतची काही बंधने रद्द केली. द्राक्षासवाची बाटली अब्रूदार घरांत ताठ मानेने उभी राहिली ती तशीच उभी आहे. शहरात परवाने निघाले, साठच्या दशकात ते सैल झाले. खेड्यात 'हातभट्टी' हा शब्द रूढ झाला. मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला, आणि तिने माणसे मारली. घरच्या कार्याची मोहाची दारू आणि हे विष यांत कायद्याने फरक केला नाही. तो फरक करणे अवघड होते हेही मान्य करायला हवे.

गोव्यात दुसरी गोष्ट घडली. काजूच्या बोंडांची फेणी गाळणाऱ्यांची परंपरा परवान्याखाली टिकली, २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे ती राज्याचा वारसा ठरली. महाराष्ट्राने २०२१ साली मोहाच्या फुलांवरचे गोळा करण्याचे, साठवण्याचे आणि वाहतुकीचे निर्बंध उठवले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी फूल निर्दोष सुटले. ते घरी गाळणे अजून गुन्हाच आहे.

भाचीचा पेला मात्र गुन्हा नाही. बाटली दुकानातली, कर भरलेला. वय पंचवीस पूर्ण आणि पिण्याचा परवाना असला की झाले. (परवाना कुणाकडे असतो, हे वाचकांनी आपापल्या मनाला विचारावे.) तिची कृती इथे नोंदवतो, कारण शंभर वर्षांनी कुणाला तरी ती दस्तऐवज म्हणून लागेल. आठ-दहा पिकली जांभळे चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवायची, मग हाताने कुस्करून बिया काढायच्या. मिठाने तुरटपणा बराच मोडतो, हे फाट्यावरच्या पुडीत सांगितलेलेच आहे. त्यात साठ मिलिलिटर व्हिस्की, पंचवीस मिलिलिटर लिंबाचा रस आणि वीस मिलिलिटर पाक. पाक तिने साखरेचा केला होता; मी नंतर गुळाचा करून पाहिला, तो जास्त शोभतो. झाकणाच्या बरणीत बर्फ घालून पंधरा सेकंद जोरात हलवायचे आणि बारीक गाळणीतून गाळायचे, नाहीतर सालींचा चोथा जिभेवर येतो. लिंबू पडताच जांभळाचा काळसर रंग गुलाबी होतो. आंबटपणाने फळाचा रंगच बदलतो. करवंदे घेतली तर लिंबू निम्मे करावे. मी वर जायफळ किसले. पाच जिन्नस पुरे झाले, जांभूळ सहावे.

दुसऱ्या दिवशी परतताना फाट्यावर थांबलो. द्रोण लावून बसलेल्या मावशींकडून जांभळे घेतली आणि मोहाचे काय करता, असे विचारले.

"फुलं सुकवून ठेवतो, भाकरीत घालतो," त्या म्हणाल्या. मी आणखी काही विचारणार तोच त्यांनी पैसे कनवटीला लावले. "त्याच्या पुढचं काही विचारू नका, दादा. जांभळं अजून देऊ का?"

मी आणखी दोन द्रोण घेतले.