जुन्या मोटारी आणि जुना वाडा

इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक वाहनास गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत २ मैल एवढीच मर्यादा घातली होती. शिवाय वाहनाच्या ६० यार्ड पुढें लाल निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे, असा दंडक होता. निशाणाची सक्ती १८७८ सालीं उठली, तरी पुढें चालणारा मनुष्य राहिलाच. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं नवा कायदा अमलांत आला, तेव्हां तोहि बाजूस झाला. त्याच दिवशीं मोटारवाल्यांचा एक तांडा लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटन शहरीं निघाला. प्रस्थानापूर्वीं न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं एक लाल निशाण फाडून या मोकळिकीचा मुहूर्त केला.

या प्रसंगाच्या स्मरणार्थ १९२७ पासून ही यात्रा पुन्हां निघूं लागली. महायुद्धाच्या काळांत तिला खंड पडला, पण परंपरा टिकली. १९०५ पूर्वीं बनलेल्या गाड्यांनाच तींत प्रवेश मिळतो. कित्येकींस टप नाहीं. कांहींत सुकाणूचाकाऐवजीं नुसता दांडा. सुमारें ६० मैलांची ही वाट म्हणजे शर्यत नव्हे. पहिला येणारास बक्षीस नाहीं. वेळेंत पोंचणें हेंच यश.

जुन्या मोटारींच्या भक्तांचें दुसरें तीर्थक्षेत्र म्हणजे हॅम्पशायरमधील ब्यूली. १२०४ सालीं राजा जॉन यानें तेथें सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापिला. आठव्या हेन्रीनें १५३८ मध्यें तो मोडला. मात्र मठाचें भव्य प्रवेशद्वार वांचलें व त्याचेंच पुढें राहतें घर झालें. तेंच पॅलेस हाऊस.

या घराचे एक धनी, दुसरे लॉर्ड मॉन्टेग्यू, मोटारीचे आद्य पुरस्कर्ते होते. १८९९ च्या पॅरिस-ऑस्टेंड शर्यतींत त्यांनीं डेम्लर गाडी हांकली. हिंदुस्थान सरकारचे मोटार-वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते इकडे येत असतां, ३० डिसेंबर १९१५ रोजीं मुंबईस निघालेलें ‘पर्शिया’ जहाज क्रीट बेटाजवळ पाणतीरानें बुडालें. ते वांचले, त्यांच्या चिटणीस एलिनॉर थॉर्नटन मात्र बुडाल्या.

१९२९ सालीं ते वारले, तेव्हां त्यांचा मुलगा एडवर्ड अवघा दोन-तीन वर्षांचा होता. तो वयांत आला तोंवर दुसरें महायुद्ध होऊन गेलेलें. कर आणि डागडुजी यांच्या ओझ्याखालीं इंग्लंडांतील अनेक जुने वाडे जमीनदोस्त होत होते. १९५२ सालीं त्यानें आपलें घर तिकीट लावून लोकांस खुलें केलें आणि वडिलांच्या स्मरणार्थ दर्शनी दालनांत पांच जुन्या मोटारी मांडल्या. संग्रह वाढला, बाहेर गेला, आणि १९७२ मध्यें त्याचें राष्ट्रीय मोटार-संग्रहालय झालें.

यांत मोठी गंमत आहे. ज्या यंत्रास लोकांनीं रस्त्यावरचा उपद्रव म्हणून वेसण घातली, त्यानेंच मठाच्या जुन्या दगडांना आधार दिला. मोटारी पाहावयास आलेला मनुष्य मठाच्या भग्न भिंतींपाशींहि थांबतो, आणि त्याच्या तिकिटाच्या पैशानें छपराची डागडुजी होते. जुनी वस्तु केवळ अभिमानानें टिकत नाहीं. तिला रोजचें कांहीं काम द्यावें लागतें. गाडी चालली पाहिजे, वाड्याचें दार उघडलें पाहिजे. कुलुपांत ठेवलेला वारसा गंजतो, मग तो लोखंडाचा असो वा दगडाचा.